गुलालातला आरोपी

बेडी नुसती दिसली की तो दोन्ही हात आपणहून पुढे करायचा. बाह्या वर सारायचा आणि म्हणायचा, "घाला पावणं. डाव्या हाताची तेवढी सैल ठेवा." नव्या जावयाने अंगठी घालून घ्यावी तशा मानाने तो बेडी घालून घ्यायचा.

तो खिसेकापू आणि मी पोलीस शिपाई. जेलमधले आरोपी कोर्टात न्यायचे आणि परत आणायचे, हे माझं काम. वर्षातून तीन-चारदा तरी तो माझ्या वाट्याला यायचा. त्याला सगळं जगच पावणं. मी पावणं, जेलर पावणं. एकदा भर कोर्टात "व्हय की जजपावणं" म्हणाला, तेव्हा साहेबांनी कागदात तोंड घालून हसू लपवलं.

एसटीत आम्ही एकाच बेडीत असायचो. एक कडं त्याच्या मनगटात, दुसरं माझ्या, वर टॉवेल. तो ताठ बसायचा आणि मी पेंगायचो. एकदा त्याने समोरच्या प्रवाशाला गंभीरपणे सांगितलं, "पावणं, पाकीट आतल्या खिशात घाला. गर्दीत लई चोर असत्यात." मी त्याच्याकडे बघतच राहिलो. "खरंच की," तो म्हणाला, "मी एकटाच हाय व्हय?"

धंद्यात त्याचा एक नेम होता. जोतिबाच्या डोंगरावर कुणाच्या खिशाला हात लावायचा नाही. "देवाच्या दारात हात चालत न्हाय," म्हणायचा.

चैत्र यात्रेचा दिवस होता. सगळं खातं डोंगरावर बंदोबस्ताला, म्हणून त्याला घेऊन पन्हाळ्याच्या कोर्टात मी एकटाच गेलो. पुढची तारीख पडली आणि दुपारीच मोकळे झालो. परतताना डोंगर दिसला, तसं याच्या डोळ्यांना पाणी आलं. त्याची लेक मोठ्या आजारातून उठली होती आणि चैत्रात गुलाल-खोबरं उधळीन असा त्याचा नवस होता. "अर्धा तास, पावणं. नवस अंगावर ठेवू नये."

आता तुम्ही म्हणाल, कायद्याचं काय? पण कोल्हापूरचा माणूस जोतिबाच्या नावाला नाही म्हणत नाही, मग अंगात खाकी का असेना. गेलो. आणि वर जाऊन त्याहून मोठा गाढवपणा केला. देवळाच्या दारात तो म्हणाला, "देवाफुडं बेडी घालून उभा ऱ्हाऊ?" मलाही ते पटलं. बेडी काढून मी खिशात टाकली.

देवाच्या उंच सासनकाठ्या खांद्यांवर नाचत आल्या, "चांगभलं"चा गजर झाला, वरून गुलाल कोसळला. डोळे पुसून बघतो तर हजारो माणसं एकाच रंगाची. त्यातला माझा आरोपी कुठला?

नोकरीला जेमतेम तीन वर्षं झाली होती. बायकोला आठवा महिना. आरोपी पळाला की शिपाई घरी बसतो, वर त्याच्यावरच गुन्हा दाखल होतो. पावलापावलावर माझे सहकारी उभे होते, पण विचारणार कुणाला? विचारलं की संपलंच. मग मी एकेकाची कॉलर धरून तोंड वळवून बघायला लागलो. माझी टोपी गर्दीत गेली होती, खाकीची खाकी राहिली नव्हती. पाचवी कॉलर एका पैलवानाची निघाली.

"खिसं चाचपतंय गा हे! धरा!"

दोन कानाखाली बसल्या. "मी पोलीस हाय," म्हणालो, तर तिसरी बसली. "चला, पोलिसात देऊ ह्येला!" कुणीतरी ओरडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला पोलिसांची भीती वाटली.

तेवढ्यात गर्दी फोडून एक गुलाबी माणूस आत घुसला. "सोडा पावणं! ह्यो पोलीस हाय. चोर मी हाय!"

कुणी ऐकेना. मग त्याने हात वर केला. हातात पैलवानाचं पाकीट होतं. "हे कुणाचं? आता तरी पटलं का?"

पटलं. ताबडतोब पटलं. माझ्यासाठी उचललेली काठी त्याच्या उजव्या हातावर बसली. पाकीट पैलवानाच्या अंगावर फेकून त्याने डाव्या हाताने मला ओढलं आणि आम्ही पायऱ्यांवरून पळत सुटलो. पुढे चोर, मागे पोलीस, त्यामागे पब्लिक. वाटेत एका म्हातारीची नारळाची पाटी उलटली, ते नारळ गडगडत आमच्याही पुढे गेले. खालच्या वळणावर आमचे हवालदार उभे होते. ते "चांगभलं!" म्हणाले, मीही पळता पळता "चांगभलं!" म्हणालो. त्यांनी ओळखलं नाही.

फाट्यावर आल्यावर दम खात बसलो. "पळून का गेला न्हाईस?" मी विचारलं.

"पळतच हुतो की! तुमाला हुडकत, तासभर. कुठं गेलता?" उलट मलाच त्याने झापलं. मग हाताकडे बघितलं. दोन बोटं मोडली होती, नेमकी धंद्याची. "डोंगरावर पयल्यांदाच हात चालवला. देवानं बोटं घेतली. बरोबर हाय त्येचं."

मी रडलो. तो नाही रडला.

आरोपी पायरीवरून घसरून पडला, असं मी दवाखान्यात लिहून दिलं. ती बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. शिक्षा भोगून तो उचगावला राहायला गेला आणि मिळेल ते काम करत राहिला. एक-दोनदा बाजारात भेटला. चहा पाजला, गप्पा मारल्या, पण तोंडाने आभार मानायचं राहूनच गेलं. मनात मात्र मी ते कैकदा मानले. मुलगा झाला तेव्हा मानले, घराचा पाया खणला तेव्हा मानले. तो त्या गर्दीत शिरला नसता तर यातलं काय माझं झालं असतं?

गेल्या वर्षी निवृत्त झालो. सेवेत एकही डाग नाही, असं साहेब भाषणात म्हणाले आणि मला सभागृहात बसवेना. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन थेट उचगाव गाठलं. त्याच्या दाराला कुलूप होतं. शेजारी एक चाची दारात मशीन मांडून शिवत बसल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वीच तो गेला, असं त्यांनी सांगितलं. झोपेतच गेला म्हणे. मग माझे केस आणि बूट निरखत त्यांनी विचारलं, "तुमी त्येंच्याच खात्यातलं काय?"

"कुठल्या खात्यातलं?"

"पोलीस की! आख्खी गल्ली त्येंना हवालदारच म्हणायची. जोतिबाच्या यात्रेत ड्यूटीवर असताना बोटं मोडली, असं पोरांना सांगायचे. खोटं हाय व्हय?"

पेढ्यांचा पुडा मी त्यांच्या हातात ठेवला.

"खरं हाय," मी म्हणालो. "माझ्या जोडीलाच हुते."