बाळंतिणीच्या गोळ्या

वैशालीला टीबी आहे, हे डॉक्टर मॅडमनी सांगितलं तेव्हा तिला सहावा महिना होता. मी पहिला प्रश्न बाळाचा विचारला. त्यावर माझ्या बायकोने माझ्याकडे जे पाहिलं, ते आठवलं की अजून मान खाली जाते.

"दोघंही नीट राहतील," मॅडम म्हणाल्या. "सहा महिने गोळ्या. बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. आणि खाऊ घाला हिला, फार अशक्त आहे."

नाशिकजवळ आमची झेंडू-शेवंतीची शेती. फवारणीच्या दिवसांत घरात कुणी ना कुणी खोकतंच, म्हणून तिचा खोकला आम्ही औषधाच्या वासावर ढकलला होता. एक्स-रे झाला, थुंकीची तपासणी झाली. गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळाल्या.

रोज सकाळी मी त्या तिच्या हातावर ठेवायचो. उशीर झाला की म्हणायची, "झेंडूला फवारा टायमावर, आन् बायकोला गोळी उन्हं चढल्यावर!" हळूहळू ताप गेला, खोकला थांबला. ती भाकरी मागून खायला लागली. मला वाटलं, सुटलो.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सासूबाई नामपूरहून न्यायला आल्या. गोळ्यांची पाकिटं आणि तिथल्या दवाखान्यासाठीचे कागद मी पिशवीत भरून दिले. मुलगी झाली, भारी रडकी. तिला बघून आलो आणि दसरा-दिवाळीच्या फुलांत बुडालो. फोनवर विचारायचो, "गोळ्या चालू आहेत ना?" वैशाली हो म्हणायची.

चालू नव्हत्या. या गोळ्यांनी लघवी केशरी होते. ते औषधामुळेच असतं, घाबरायचं नसतं. सासूबाईंना ती उष्णता वाटली. "बाळंतीणले गरम गोळ्या नही चालतस. दूध आटी जाई. आते खोकला तरी कुठे शे?" असं म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि डिंकाचे लाडू सुरू केले. गावात बोभाटा नको म्हणून दवाखान्यातल्या बाईंना दारातूनच परत पाठवलं. आईला बोल लागू नये म्हणून वैशाली माझ्याशी खोटं बोलत राहिली. पोरीवर फार जीव होता हो त्यांचा. वैर असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

बाळाला घेऊन ती परत आली तेव्हा जिना चढताना मध्येच बसली. पुन्हा थुंकीची तपासणी, पुन्हा बाकावर वाट बघणं. या वेळी डॉक्टर म्हणाले, 'ड्रग रेझिस्टंट टीबी', म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी.

"गोळ्या मध्येच सुटल्या की उरलेले जंतू निर्ढावतात," त्यांनी समजावलं. "पण कधी जंतू पहिल्यापासूनच तसे असतात. अंगात ताकद नसली तरी औषध कमी पडतं. एकच कारण छातीठोकपणे सांगता येणार नाही."

तिला मोठ्या दवाखान्यात भरती केलं. नव्या औषधांनी तिला सारखं मळमळायचं, अन्न नको व्हायचं. बाळाची तपासणी देवाच्या दयेने चांगली आली, पण त्याला वरचं दूध लावलं आणि माझ्या आईकडे ठेवलं. वॉर्डातल्या एक सिस्टर मात्र, त्यांचे उपकार मी विसरणार नाही, मला बाळाला घेऊन खिडकीबाहेर उभं राहू द्यायच्या. वैशाली आतून हाक मारायला जायची आणि खोकल्याने वाकायची. मुलगी काचेवर हात आपटून हसायची. मला तिथे उभं राहवत नसे.

उन्हाळा संपता संपता वैशाली गेली.

तेराव्याला सासूबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सगळे उठून गेल्यावर त्यांनी विचारलं, "जवाईबापू, मन्हामुये गई का मन्ही पोर?"

"नाही आई, तुमच्यामुळे नाही गेली," मी म्हणालो. "आजारच कठीण होता."

त्यांना मी आयुष्यभर एवढंच सांगणार आहे. तुमच्या घरात मात्र असा पेशंट असेल, तर नुसती पाकिटं देऊ नका. जी माउली रांधून वाढणार आहे, तिला समोर बसवा आणि सांगा की लघवी केशरी होईल, तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत. मला हे मॅडमनी आधीच सांगितलेलं होतं. पण जावयाने सासूपुढे लघवीची गोष्ट कशी काढायची, म्हणून मी गप्प राहिलो.