दाजींची केसादिया

एकोणसत्तर साली महिनाभर आमच्या घरात केसादिया ही एक बाई होती. माझ्या बहिणीचे यजमान, आसाराम दाजी, गव्हाच्या शिक्षणाला नऊ महिने मेक्सिकोत होते आणि त्यांनी पत्रात तसं लिहिलंच होतं: ‘इथं सकाळी केसादिया भेटली नाही तर दिवस जात नाही.’ मी शाळामास्तर, म्हणून पत्र मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे. ऐकता ऐकता आईनं पदर डोळ्याला लावला. त्या नऊ महिन्यांपुरती माहेरी आलेली बहीण, मनकर्णाक्का, मात्र रडली नाही. म्हणाली, “रंगा, लिव्ह त्यास्नी. दिसायला कशी हाय ते कळवा म्हनावं.”

उत्तर आलं: ‘गव्हाची पोळी असते. आत चीज घालून मधोमध दुमडतात. तापली की धागा सुटतो.’ चीज म्हणजे काय ते मलाही धड ठाऊक नव्हतं, पण बाई नाही एवढं कळलं आणि घर शांत झालं.

दाजी नेवाशाकडच्या एका सरकारी फार्मवर नोकरीला होते. यादीतला एक साहेब ऐनवेळी आजारी पडला म्हणून त्यांचा नंबर लागला, एरवी कुठला मेक्सिको! परत येताना लोक घड्याळ आणतात, रेडिओ आणतात. दाजी रिकाम्या हातानं आले आणि तोंडात चव तेवढी घेऊन आले. फार्मवरच्या गड्यांनी त्यांचं नावच ‘मेक्सिको’ पाडलं.

चांगली केसादिया कशी ओळखायची, हे दाजींकडून मी शंभरदा ऐकलं असेल. पोळी तांबूस व्हायच्या आत चीज वितळलं पाहिजे. दोन तुकडे केले तर धागा हातापासून कोपरापर्यंत लांबला पाहिजे, आणि तुटताना सुतासारखा तुटला पाहिजे. तिथं एक चीज भुरभुरीत, ते वरून चुरायचं; दुसरं सुतळीच्या गुंडीसारखं गुंडाळलेलं, ते आत घालायचं. गुंडी ताजी असेल तर दाताखाली करकरते. हे सांगताना ते आमच्याकडे असे बघायचे की गाढवाला गुळाची चव काय, हे वेगळं म्हणावं लागत नसे. मला राग यायचा, खरं सांगतो.

तरी चीजच्या शोधात त्यांच्याबरोबर नगरला एसटीनं तीनदा गेलो तो मीच. आमच्या गावचा कानिफनाथ तिथल्या लष्करी कॅम्पातल्या मेसमध्ये आचारी होता. त्यानं डब्यातल्या चीजचा एक तुकडा चोरून आणून दिला. दाजींनी डोळे मिटून चाखला. “मीठ लागतंय आन डबा लागतोय.” रस्त्यावरच्या पंजाबी ढाब्यातलं पनीर तव्यावर धरलं. “हे मेलं तरी वितळायचं न्हाई.” घरी आईनं हौसेनं खरवस पुढं केला, तर म्हणाले, “आई, हे गोड हाय.” आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

तिसऱ्या खेपेला नगरहून परतताना एसटीत मी चिडून विचारलं, “दाजी, एका पोळीसाठी एवढी तडफड कशापायी?”

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “रंगनाथ, तिथली केसादियावाली म्हातारी रोज सकाळी चीजचे दोन तुकडे माझ्या हातावर ठेवायची आन विचारायची, यातलं चांगलं कंचं? मी सांगायचो आन ती तेच विकायला घ्यायची. हितं फार्मवर मी पोती मोजतो. माझं मत कुनी विचारलंय कधी?”



चीज घरीच करता येईल, हेही त्यांनी अक्काला परोपरीनं सांगितलं. अंजिराच्या चिकानं दूध घट्ट नासवायचं, दाबून पाणी काढायचं, रात्रभर आंबू द्यायचं, मग कढत पाण्यात मळून ओढायचं. अक्काला सगळं तोंडपाठ झालं होतं. पण ती ऐकेना. “चांगलं दूध आपल्या हातानं नासवायचं? गाय आटंल माजी.” आमच्याकडे नासलेलं दूधसुद्धा बाया गुपचूप टाकतात, कुणाला दाखवत नाहीत. मुद्दाम कोण नासवील? दाजींनी दोन वर्षं विनवलं आणि नाद सोडला.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. फार्मवरचा गहू ओंबी धरायच्या आतच करपला. दाजींना दुष्काळी कामावर खडीचे ढीग मोजायला लावलं. घरात रेशनची लाल मिलो, अमेरिकेची ज्वारी, आली. तिच्या भाकरीला ना वास, ना चव. घशाखाली ढकलायची म्हणून ढकलायची. गाय वाळत गेली. कडबा कुठंच मिळेना, तेव्हा तिला घोडेगावच्या बाजारात न्यायचं ठरलं. ती कसायाच्या हाती जाणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

बाजाराच्या दिवशी तिला चालवत न्यायला मी पहाटेच अक्काच्या घरी पोचलो. अक्का चुलीपुढं होती. गाईनं शेवटच्या चार धारांत दिलेलं दूध तिनं आदल्या सांजेलाच नासवून ठेवलं होतं. मी बघतच राहिलो, तर म्हणाली, “आता नासलं काय आन आटलं काय.” कढत पाण्यात बोटं भाजत तिनं तो मुठीएवढा गोळा ओढला, आणि देवाशप्पथ, धागा कोपरापर्यंत आला. गव्हाचं मूठभर पीठ तिनं कुठून पैदा केलं होतं कोण जाणे. पोळी दुमडून तिनं दाजींच्या हातावर ठेवली.

दाजींनी आधी वास घेतला. मग तुकडा मोडला. धागा लांबला, सुतासारखा तुटला. त्यांनी घास खाल्ला, डोळे मिटले, दुसरा घास घेतला. अक्का उलथणं हातात धरून उभी होती. चार वर्षांत तिला मी इतकी आतुर कधी पाहिली नव्हती.

“व्हय का?” तिनं विचारलं. “अशीच हुती का?”

दाजींनी डोळे उघडले. ते इतके घाबरलेले होते की मलाच भीती वाटली.

“मनकर्णा, मला आठवत न्हाई.”

“म्हंजी?”

“मी तुमाला जे सांगत आलो तेवढंच आठवतंय. धागा, गुंडी, म्हातारी. चव न्हाई आठवत. कवा गेली तेबी कळलं न्हाई.”

अक्कानं उलथणं खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, “बरं, तिथल्यासारखी हाय का न्हाई ते ऱ्हाऊ द्या. चांगली झालीया का वाईट, तेवढं तरी सांगा.”

दाजी हातातल्या तुकड्याकडे बघत राहिले. “कशाशी ताडून सांगू गं?”

बाहेर गाय हंबरली. दाजींनी तुकडा ताटात ठेवला, दावं सोडलं आणि ते गाय घेऊन बाजाराच्या वाटेला लागले. मी त्यांच्यामागं निघालो तेव्हा अक्का ताटापुढं बसली होती. उरलेली पोळी तिनं हातात घेतली, पण तोंडाला लावली नाही.