एरंडेल मुरेपर्यंत

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एक मोटार होती, आणि तिच्या सीटला काय लावावं या प्रश्नावर सोसायटीतले सगळे शहाणे पुरुष दसऱ्यापासून होळीपर्यंत भांडत होते. मी वाढवून सांगत नाही. वाढवायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती.

मोटार घेतली कशासाठी ते आधी सांगते, कारण नेमकं तेच पुढे सगळे विसरले. समोरच्या चाळीतली एक बाई घाटकोपरच्या प्रसूतिगृहात जायला निघाली आणि भांडुप ओलांडायच्या आत टांग्यातच बाळंत झाली. टांगेवाला बिचारा पाठ फिरवून घोड्याच्या तोंडाशी उभा राहिला आणि रस्त्यावरच्या भाजीवाल्या बायकांनी पदरांचा आडोसा धरला. बाई वाचली, मूल राहिलं नाही. तेव्हा कुठे आमच्या पांढरपेशा काळजांना पाझर फुटला. सभा भरली. ‘आजारी व अडलेल्यांसाठी एक वाहन असावे’ असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. वर्गणीसाठी जिने चढले ते मी. चाळीतल्या माणसांनीही वर्गणी दिली. आग्रा रोडवरच्या कारखान्यांत राबणारी कोकणातली माणसं ती, पण एकानंही मला ‘उद्या ये’ म्हटलं नाही. हे वाक्य कुणी खोडू नये.

मोटार आली ती जुनी, इंग्रजी बनावटीची, हँडल मारल्याशिवाय तोंड न उघडणारी. पण विकणारा दलाल माणसं ओळखणारा होता. इंजिनाला त्यानं हात लावला नव्हता. सीटना मात्र नवं कोरं तांबडं रेक्झिन चढवलं होतं, दारांनाही आतून तेच, आणि कडेनं पांढरा गोट. दार उघडलं की नव्या रेक्झिनचा वास यायचा. झालं! पुरुषमंडळी पाघळली. बॉनेट उघडून कुणी पाहिलं नाही. सगळे आत डोकं घालून सीटवरून हात फिरवत होते, जशी काही नवी सून घरात आली आहे. खरं तर नव्या सुनेकडे इतकं प्रेमानं आमच्यात कुणी बघत नाही.

पहिल्याच दिवशी पूजा झाली आणि कुंकवाचं बोट सीटला लागलं. तिथून रोग सुरू झाला.

अध्यक्ष होते एक निवृत्त मामलेदार. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत आणि तेही हाकेला ओ देत. चिटणीस एका कचेरीत हेडक्लार्क. गाडी चालवता येई ती त्यांनाच, म्हणून किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली. या दोघांनी सीटच्या रक्षणासाठी पोटसमिती नेमली. आपल्या लोकांना कुठल्याही आजारावर एकच औषध ठाऊक, पोटसमिती.

रावसाहेबांचं म्हणणं, खोबरेल. त्यांच्या पुणेरी जोड्यांना म्हणे आयुष्यभर खोबरेलच लावलंय. जोडा चामड्याचा असतो आणि रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला रंगाचा लेप, त्यावर चामड्याच्या सुरकुत्यांचा नुसता छाप. हे दलालानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. पण ज्यांनी हयातभर सरकारी शिक्क्याला माणूस मानलं, ते छापाला चामडं मानणारच! खोबरेल लावलं. काही दिवसांत गाडीला खवट वास सुटला आणि मुंग्यांनी रांग लावली. मग दुसऱ्या कुणी सायीचं सुचवलं. आरेच्या बाटलीतल्या दुधावरची साय! ज्या घरांत पोरांच्या दुधात पाणी घालतात, त्या घरांतून वाटीभर साय गाडीसाठी खाली आली. तिच्यामुळे माशा आल्या. मग तांबडं बूटपॉलिश. त्यानंतर पहिल्यांदा बसले ते खुद्द चिटणीस, पांढऱ्या शुभ्र पँटमध्ये. त्यांच्या मागच्या बाजूबद्दल मी सभ्यपणे काही लिहीत नाही.

एकदा माझ्या वहिनीनं गॅलरीतून विचारलं होतं, “अहो, ओल्या फडक्यानं पुसून कोरडी केली तर नाही का चालणार?” त्यावर खाली असे हसले, जणू तिनं पोळपाटाला पगार मागितला.

आता खरी गोष्ट. वहिनीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण मालवणला माहेरी व्हायचं, पण तिच्या अंगात रक्त कमी, म्हणून डॉक्टरीणबाईंनी बोटीचा प्रवास नको म्हणून बजावलं. घाटकोपरलाच यायचं, आणि कळा सुरू झाल्या की घरात थांबायचं नाही, असं त्या दादाला माझ्यासमोर म्हणाल्या. दादा म्हणाला, “त्याची काळजी नको. आमच्या सोसायटीची मोटार आहे.”

मोटार होती. पण बसायला मिळत होतं कुणाला? माघात चाळीतल्या एका मुलाला ताप चढला. त्याचा बाप त्याला खांद्यावर टाकून चिटणीसांच्या दारात आला. चिटणीस म्हणाले, “नेली असती हो, पण पोर उलटी-बिलटी करील. सीटला नुकतंच पॉलिश झालंय.” मुलगा टांग्यातून गेला. बरा झाला, पण ते काही चिटणीसांच्या पुण्याईनं नव्हे.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. आमच्या महिला मंडळाची पत्रकं लिहून लिहून माझा हात तयार होता. सायक्लोस्टाईल करून मी एक पत्रक काढलं आणि प्रत्येक दाराखालून आत सरकवलं. वर ठळक मथळा: ‘गाडी कुणासाठी?’ खाली मी कुणाची भीड ठेवली नव्हती.

वाटलं होतं, भूकंप होईल. भूकंप कसला, चिटणीसांच्या पोटसमितीनं पत्रकं गोळा केली आणि सीटवर अंथरली. जास्तीचं तेल टिपायला! कागद चांगला जाड आहे म्हणून माझी स्तुतीही केली. पण शाईला त्यांच्यापेक्षा जास्त अक्कल होती. तेलानं ती सुटली आणि पत्रकं उचलली तेव्हा मागच्या सीटवर, तांबड्यावर काळा, उलट्या अक्षरांत माझा मथळा उमटला होता. रावसाहेब तीन-चारदा चष्मा पुसून वाचायला गेले. उलटं असल्यामुळे त्यांना लागेना. सरळ असतं तरी लागलं नसतंच म्हणा.

आता ही अक्षरं काढायची कशानं? घासलेट म्हणजे रंग जाईल. पोटसमितीनं बरीच डोकी खाजवून निर्णय घेतला, एरंडेल. पोटातलं काढतं ते सीटवरचंही काढील, असं काहीसं शास्त्र त्यामागे असावं. होळीच्या आधीचा रविवार होता. सकाळभर कापसाच्या बोळ्यांनी मागच्या सीटवर एरंडेल चोपडलं, चारी दारं उघडी टाकली आणि मंडळी जेवून वामकुक्षीला गेली.

दुपारी वहिनीला कळा सुरू झाल्या.

मी खाली धावले. चिटणीस बनियनवर बाहेर आले, मागून रावसाहेब. मी सांगितलं, “वहिनीला न्यायचंय. घाटकोपरला. आत्ताच.”

रावसाहेबांनी गाडीत वाकून सीटला बोट लावून पाहिलं. “अगं, ओलं आहे अजून. दोन घटका थांब की. मुरू दे.”

“रावसाहेब, लोणचं आहे का ते?”

“जिभेला हाड नाही कार्टीच्या!”

“ताई, मुद्दा समजून घ्या ना,” चिटणीस म्हणाले. “ठराव आमचाच आहे, आम्ही काही नाही म्हणत नाही. पण तेल मुरायच्या आत दाब पडला तर सीट कायमची जाते. आणि समजा... वाटेत... गाडीत काही झालं-बिलं तर?”

“काय होईल?”

“म्हणजे... ते आपलं...”

“सुवेर,” रावसाहेबांनी गळा साफ केला. “उद्या ह्याच गाडीतून आम्ही देवदर्शनाला जायचं असतं.”

“अहो, ती अजून बाळंत नाही झालेली, तर सुवेर कुठलं? आणि जे ‘झालं-बिलं’ म्हणताय ना, त्याच्यासाठीच गाडी घेतलीय. टांग्यात झालं-बिलं म्हणून घेतलीय!”

माझा भाऊ मागे उभा होता. शिकलेला, सज्जन, कचेरीत नाव असलेला. तो म्हणाला, “रावसाहेब, जरा विचार व्हावा...” आणि विचार होत नाही असं दिसल्यावर टांगा शोधायला स्टेशनकडे धावत सुटला. स्वतःच्या वर्गणीची मोटार चारी दारं उघडी टाकून समोर उभी असताना! भाऊ आहे म्हणून मी इथेच थांबते.

तेवढ्यात वहिनी स्वतःच खाली आली. एका हातानं कठडा धरलेला, दुसऱ्या काखेत बाळासाठी आणलेलं मेणकापड गुंडाळलेलं. तोंड पांढरंफटक. गाडीशी येऊन तिनं आत वाकून वास घेतला. एरवी ती आमच्यासारखंच बोलते, पण दुखलं-खुपलं की मालवण जिभेवर येतं.

“वन्सं, ह्यां काय? गाडयेक जुलाब दिलो?”

चाळीच्या गॅलरीत माणसं जमली होती. तिथून हसणं फुटलं. वहिनीला कळ आली. तिनं दार घट्ट धरलं, ती जाऊ दिली. मग मेणकापड झटकून मागच्या सीटवर नीट अंथरलं, कोपरे ओढून, जशी रोज गादीवर चादर घालते तसं.

रावसाहेबांचा चेहरा उजळला. “वा! बघ, सूनबाईंना आहे पोच. सीटची काळजी आहे.”

“सीटची नाही हो,” वहिनी म्हणाली. “माझं पातळ धुवट आहे. त्याला तुमचं एरंडेल नको.”

आणि ती बसली. पाय आत घेतले, दार लावून घेतलं.

ती बसल्याबरोबर पोटसमितीच्या सगळ्या चर्चेतली हवा गेली. आता सीट वाचवायची तर एकच मार्ग उरला होता, तिला लवकरात लवकर घाटकोपरला पोचवणं. हे कोडं चिटणीसांना चटकन सुटलं. अडलेल्या बाईसाठी जे पाय हलले नव्हते ते रेक्झिनसाठी धावले. बनियनवरच स्टिअरिंगला बसले, जानव्याची किल्ली तशीच गळ्यात, त्यामुळे मान वाकवून लावावी लागली. हँडल मारायला चाळीतून एक माणूस उतरला. माघातल्या तापाच्या मुलाचा बाप तो. दोन झटक्यांत इंजिन पेटवलं, हँडल माझ्या हातात दिलं आणि बाजूला झाला. मी त्याच्याकडे बघू शकले नाही, तशीच वहिनीशेजारी शिरले. चिटणीसांनी तर बघायचा प्रश्नच नव्हता.

आग्रा रोडवर गाडी इतक्या जोरात कधी हाकली गेली नसेल. वहिनी कण्हली की चिटणीस मागे वळून विचारत, “ताई, सगळं ठीक ना? सीटवर... म्हणजे त्यांना?” विक्रोळी गेलं तेव्हा वहिनीनं माझा हात इतका दाबला की बांगडी फुटली. तरी म्हणाली, “वन्सं, काच उचला आधी. नाहीतर सीट फाटली म्हणून वर्गणी मागतील.”

प्रसूतिगृहात रक्त फार गेलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन बोलल्या त्या मला, कारण दादा अजून टांग्यातच होता. “वेळेवर आणलंत,” त्या म्हणाल्या, “आणखी उशीर चालला नसता.” मुलगी झाली. दादा पोचला तेव्हा ती रडून दमून झोपलीसुद्धा होती.

आणि सीट? ज्या एरंडेलाला मुरायला दोन घटका हव्या होत्या, ते कधीच मुरलं नाही. मुरणार कुठे? चैत्राच्या उन्हात ते चिकट झालं, रेक्झिनचा लेप फुगला, पापुद्रे निघाले. त्या दिवशी मेणकापड उचललं तेव्हाच त्याच्याबरोबर तांबडा रंगही निघून आला होता. वहिनीनं ते साबणानं चोळून धुतलं, तरी डाग राहिला, आणि डागात माझी अक्षरं. सीटवर उलटी उमटलेली, म्हणून कापडावर सुलटी. ‘कुणासाठी?’ माझी भाची त्या प्रश्नावर झोपते, आणि त्याला दिवसातून अनेकदा आपल्या परीनं उत्तर देते.

मागची सीट गेली आणि पुरुषांचं गाडीवरचं मनही उडालं. सभेत रावसाहेब म्हणाले, “आता काय, जायचं ते गेलं. बसू दे कुणालाही.” ठराव नाही, टाळ्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी चाळीतल्या एका म्हातारीला मोतीबिंदूसाठी त्याच गाडीतून नेलं, आणि नंतर कुणाकुणाला नेलं त्याला कुणी हरकत घेतली नाही. माझ्या पत्रकानं जे झालं नाही, टांग्यात दगावलेल्या बाळानं जे झालं नाही, ते सीट सोलवटल्यानं झालं. यावर मला अभिमान वाटावा की थुंकावंसं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

वहिनीच्या अशक्तपणामुळे लांबलेल्या बारशाच्या आदल्या दिवशी चिटणीस आमच्याकडे आले. टोपी हातात, तोंड गोड.

“वहिनी, जरा काम होतं. पुढची सीट अजून शाबूत आहे. तिच्यावर तुमच्यासारखं मेणकापड घालावं असं पोटसमितीचं मत पडलंय. कुठून आणलं होतंत?”

वहिनीनं बाळाला उचलून खांद्यावर घेतलं. खालचं मेणकापड नुकतंच ओलं झालं होतं. तिनं ते दोन बोटांनी उचलून त्यांच्यापुढे धरलं. “हेच न्या की. धुवायचं तेवढं राहिलंय.”

चिटणीसांनी ओल्याकडे पाहिलं, मग अक्षरांकडे. सुलटी होती म्हणून वाचता आली असावीत, कारण ते एक पाऊल मागे सरले. “छे छे, बाळाचं कशाला...”

“मग पुढच्या सीटलाही एरंडेल लावा,” वहिनी म्हणाली. “मागच्या सीटला चांगलं लागू पडलं. माणसं बसायला लागली.”