मनूच्या डाव्या हातातल्या बांगड्या

इथले भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर फक्त हसलोय. बायकोला वाचून दाखवायचो आणि वर "ह्या लोकांना जेवण पचत नाही बहुतेक" अशी मल्लिनाथीही करायचो. टाकव्यासारख्या खेड्यात वाढलो, पण तिथल्या एकाही भुताने मला कधी भाव दिला नाही. आता हसायची पाळी तुमची… हसा.

मागच्या हिवाळ्यातला रविवार, भर दुपार. तुंगार्लीला एका बंगल्यात छोटं खासगी संग्रहालय आहे. तिथे 'जुनं गाव' नावाचा कार्यक्रम होता. वासुदेव, पिंगळा, लोहार असे वेष घेतलेले कलाकार अंगणात फिरत होते. वडगावहून आम्ही गेलो होतो — मी, बायको स्मिता, पाच वर्षांची मनू आणि टाकव्याहून खास आणलेली माझी आई. जातं, पाटा, कणगी बघून आई वैतागली होती.

"ह्ये बघाया तिकीट? आमच्या माळ्यावर समदं पडलंय की!"

वासुदेवाबरोबर फोटो काढले. स्मिताला वाटलं मनू माझ्याजवळ आहे, मला वाटलं आईजवळ. वळून बघतो तर मनू कुठेच नाही.

आधी "असेल इथेच" म्हणत शोधलं. मग बंगल्यामागचं फाटक उघडं दिसलं. त्याच्या खाली उतार, आणि उताराखाली तलाव… मी धावत सुटलो. काठाच्या चिखलात मनूची गुलाबी चप्पल पडली होती. एकच.

बुटांसकट पाण्यात शिरलो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. हाताला नुसतं शेवाळ लागत होतं. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. तेवढ्यात वरून स्मिताचा आवाज — "अहो, सापडली! इथे आहे!"

मागच्या पडवीत 'कासार' अशी पाटी होती. खाली घोंगडी अंथरलेली, शेजारी बांगड्यांची पेटी. घोंगडीच्या अलीकडे, फरशीवर मनू मांडी घालून शांत बसली होती. फ्रॉक छातीपर्यंत ओला. डाव्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, अगदी तिच्या मापाच्या. उजवा हात रिकामा, पण कुणीतरी धरल्यासारखा पुढे केलेला.

"कुणी भरल्या गं?"

"मावशीनी. मी पाण्यात पडले ना, तिनीच वर आणलं. म्हणाली, बांगड्या भरेपर्यंत उठायचं नाही, बाबा येतील."

"कुठे गेली ती?"

मनूने रिकाम्या घोंगडीकडे बघितलं. "ही काय… दुसरा हात भरतेय."

कार्यक्रमाच्या संयोजक बाई पांढऱ्याफटक पडल्या. "कासारणीचं काम करणारी बाई आज आलीच नाही हो. आणि ह्या बांगड्या…" त्यांनी पेटी उलटी केली. एकही बांगडी पडली नाही. सगळ्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या, मोठ्या बायकांच्या मापाच्या.

स्मिता घाबरून मनूच्या बांगड्या ओढायला लागली. आईने तिचा हात धरला.

"आगं, भरल्याली बांगडी अशी वरबाडू न्हाई. बांगड्या भरल्या की कासाराला नमस्कार करून उटत्यात. त्यो ऱ्हायलाय."

आईने डोक्यावरून पदर घेतला आणि रिकाम्या घोंगडीवर डोकं टेकवलं. "बाई, लेकरू दिलंस. एक हात भरलास, लय झालं. आता आमास्नी जाऊ दे."

मनूचा उजवा हात अलगद खाली आला. "येते मावशी," म्हणून ती उठली.

भोवती लोक मोबाइल धरून उभे होते. एरवी मी आईला "चल, शोभा नको" म्हणून ओढलं असतं. त्या दिवशी मुकाट्याने बूट काढले आणि मीही वाकलो. कपाळ टेकलं ती घोंगडीची पलीकडची बाजू होती, कासारणीने बसायची. मनू तिथे बसलीच नव्हती. पण ती जागा गच्च ओली होती, आणि तलावातलं शेवाळ लागलेलं होतं.

कुणी पाहुणीने मनूला वाचवलं आणि न सांगता निघून गेली, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. मग त्या बांगड्या कुठून आल्या? मनूला अजून विचारलं तर म्हणते, मावशी तिथेच होती, तुम्ही बघत नव्हता.

कोण होतीस बाई, माहीत नाही… माझी लेक घरात खेळतेय, एवढंच सांगायचं होतं.