पांढऱ्या कापसाची वाट

आंबेजोगाईच्या आमच्या गच्चीवर मी कपडे वाळत घालत होते आणि खालच्या घरातून ओव्याच्या धुरीचा वास वर आला. तिथली सून नुकतीच बाळंत झाली आहे. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणाच्या साली पडल्या की उबदार, किंचित तिखट धूर उठतो. तो नाकात शिरला आणि हातातला ओला पंचा हातातच राहिला. पाहता पाहता मी दिंद्रुडला पोचले होते, पत्र्याच्या दोन खोल्यांत, जिथे आमचा संसार नुकता कुठे मांडला होता.

आमचं लग्न दोन्ही घरांना नको होतं. जात आडवी आली. ह्यांना दिंद्रुडला नोकरी लागली म्हणून आम्ही तिकडे गेलो. खरं तर कुठेही गेलो असतो. मला दिवस गेल्याचं आईला कळवलं, पण निरोपाला उत्तर आलं नाही. दुपारी मी उंबऱ्यात बसून समोरच्या कडुलिंबाच्या सावलीकडे पाहत राहायचे. ती भिंतीवरून उतरायची, अंगणभर पसरायची, मग कुणी गोधडी गुंडाळावी तशी हळूच निघून जायची. तिच्याशिवाय दारात दुसरं कुणी येत नव्हतं.

शेजारी एक शेतकरी जोडपं राहायचं. त्यांना गाव मावशी आणि दादा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. एकदा मी हापशावरून घागर आणताना मावशींनी पाहिलं. त्या धावतच आल्या आणि घागर माझ्या कडेवरून ओढून घेतली. "पोटुशी बाई, येवढं पानी कावून आनतीस? आमी मेलो हाय का?" त्या आवाजातला राग ऐकून मला रडू कोसळलं. इतक्या महिन्यांत माझ्यावर हक्काने कुणी रागावलंच नव्हतं. त्या दिवसापासून पाणी त्यांच्या घरून येऊ लागलं, पाठोपाठ ज्वारीची भाकरी, आणि संध्याकाळी माझ्या केसांत तेल घालणारे त्यांचे खरबरीत हात.

दिवस भरायच्या आधीच माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. हे कामासाठी बीडला गेले होते. एसटी निघून गेली होती आणि गावातली एकुलती जीप लग्नाला गेली होती. दादांच्या दारात कापसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, बाजारात न्यायची. मावशींनी त्या कापसावर गोधडी टाकली, मला वर चढवलं, माझं डोकं मांडीवर घेतलं. दादा ट्रॅक्टर असा चालवत होते, जणू पाण्याने काठोकाठ भरलेलं घंगाळ घेऊन निघालेत.

माजलगावची ती वाट मला आजही स्वप्नात चाललेली वाटते. हिवाळ्याचं मऊ ऊन, खाली कापसाचा ढग, वर खरा ढग, मधे मी. दोन्हीकडे ज्वारीची पोटऱ्यांत आलेली हिरवी शेतं मागे सरकत होती. कळ आली की मावशींचं मनगट धरायचं, ओसरली की आभाळ पाहायचं. मधेच मी विचारलं, "मावशी, लेकरू वाचंल ना?" त्यांच्या चेहऱ्यावरची भीती मला दिसली. मग त्या वाकून म्हणाल्या, "वाचंल. तू फकस्त माझा हात सोडू नको."

दवाखान्यात नर्सने दादांना विचारलं, "तुम्ही कोण हिचे?" मी दारातून आत जात होते. दादांनी डोक्यावरचा पटका नीट केला आणि सांगितलं, "बाप हाय."

मुलगी झाली. मूठभर, पण रडण्याचा आवाज खणखणीत. माझं बाळंतपण मावशींनी केलं: शेक, धुरी, डिंकाचे लाडू, बाळाच्या टाळूला तेल. बारशाला गल्लीतल्या साऱ्या बायका त्यांनी गोळा केल्या. बाळंतविडा त्यांचाच आणि कानात नाव सांगायला आत्या नव्हती म्हणून त्यांनी आपल्या नणंदेला पुढे केलं.

मुलगी भिंत धरून चालू लागली तेव्हा माझी आई आली. अंगणातच थबकली, पदराचं टोक हातात पिळत. मी आतून पाहत होते, पाय उचलेना. मावशीच पुढे झाल्या. "या की. लेकीच्या घरी यायला इचार कशाला करायचा?" त्यांनी आईला स्वतःच्या बाजेवर बसवलं आणि नात तिच्या मांडीवर दिली. आई कसंबसं म्हणाली, "माझं काम तुम्ही केलंत." मावशी हसल्या. "लेक तुमचीच हाय. आमी नुसती सांबाळली." मग दोघीही डोळे पुसत राहिल्या आणि मला वाटलं, माझ्या आत बरेच दिवस गच्च बांधून ठेवलेलं काहीतरी सैल झालं.

पुढे आमची बदली झाली. तरी दर पंचमीला दादा मुराळी होऊन मला न्यायला यायचे, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन. आता दादा नाहीत, मावशीही नाहीत. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, लिंबाचं झाड गेलं, त्या पत्र्याच्या खोल्यांच्या जागी दुकान आहे. गेलेल्या माणसांचं घर शोधायला गेलं की गाव असंच अनोळखी होऊन उभं राहतं. पण काही नाती जागेवर राहत नाहीत, ती आपल्या जिभेवर राहायला येतात. कुठल्याशा हळदीकुंकवाला एखादी नवी बाई सहज विचारते, "तुमचं माहेर कुठलं हो?" मी जन्मगाव सांगणार असते. पण ओठांवर आधी दिंद्रुड येतं, आणि ते मी मागे घेत नाही.