दिनकररावांच्या समुद्रातली गोचीड

सेलूत कापसाचा भाव मोंढ्यात विचारावा आणि कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला. तानुबाईची गोष्ट जिनिंगवाल्या दिनकररावांच्या तोंडून ऐकाल, तर म्हातारीनं त्यांचे मासे मारले. पण त्यांच्या बैठकीत मी रोज संध्याकाळी फुकटचा चहा प्यायलोय. एवढ्या चहाला जागून खरं सांगतो.

तानुबाई देवगाव फाट्याजवळच्या वस्तीवरची. एके काळी तीस शेळ्या राखायची. शेळ्या रोगात गेल्या, नवराही गेला. ती सांगताना शेळ्यांचं आधी सांगायची. मुलगा-सून दरसाल उसतोडीला. ही दिनकररावांकडे झाडू-भांडी करायची, त्याबदल्यात जिनिंगच्या फाटकामागची एक खोली. खोलीत ती आणि नात अपेक्षा. पोरगी दहावीत, हुशार. खोली आहे तोवर शाळा, खोली गेली की पोरीच्या हातात कोयता, हा हिशोब तानुबाईला पक्का ठाऊक होता. दिनकररावांनाही होता, आणि त्यांना तो वापरताही यायचा.

दिनकररावांच्या साठीला पुण्याच्या मुलानं सहा फुटी काचेची टाकी पाठवली. आत खारं पाणी, वाळू, दगड, एक लाल झिंगा आणि सहा रंगीत मासे. मीठसुद्धा पुण्याहून यायचं. "परभणी जिल्ह्यात समुद्र आणला तो आमी," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. समुद्रावरच्या कोळणीनंही एवढा समुद्र सांगितला नसेल.

आषाढात माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले. बारीक, मिठाच्या खड्यांसारखे.

"मीठ चिकटलंय," दिनकररावांनी निकाल दिला. "दुसरं काय असनार?"

तीन-चार दिवसांत ठिपके आपोआप गेले. दिनकररावांनी बैठकीत पेढे वाटले. मी दोन खाल्ले. फरशी पुसणारी तानुबाई मात्र काचेपाशी उकिडवी बसून राहिली.

"मालक, गोचीड हाय ती. गेली न्हाई. पोट भरलं म्हनून खाली उतरलीय. आता वाळूत पिलावळ घालील आन् दुप्पट होऊन वर येईल."

बैठक अशी हसली की चहा सांडला. पुढच्या आठवड्यात ठिपके दुप्पट आले. तरी हसणं थांबलं नाही, उलट रोजचा कार्यक्रमच झाला. पाहुणा आला की दिनकरराव हाक मारायचे, "ये म्हातारे, ती समुद्रातली गोचीड सांग बरं यांना!" तानुबाई ओल्या हातानं यायची, सांगायची. लोक पोट धरायचे. एकदा त्यांनी तिला गोचीड कशी काढतात ते करून दाखवायला लावलं, आणि ते माझ्या कानामागं. तिनं वाकून बघितलं.

"ही निघायची न्हाई मालक. लय जुनी हाय. रोज चार वाजता चिकटती."

सगळे माझ्यावर हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार, चहा यायचा होता.

दोन मासे मेले तेव्हा संभाजीनगरहून टाकी साफ करणारा हरिओम आला. त्यानं मोबाइलवर चित्रं दाखवली: किडा माशाच्या कातड्यात शिरतो, फुगतो, गळून वाळूत पडतो, तिथं फुटून शेकडो होतात आणि पुन्हा मासा शोधतात. "मासे बाहेर काढा, टबात तांब्याचं औषध घालून ठेवा. टाकीत औषध नको, झिंगा मरेल. आणि पंच्याहत्तर दिवस टाकीत एकही मासा नको. मासा मिळाला नाही की किडे उपाशी मरतात."

"म्हंजी गोठा रिकामा ठेवायचा," दारातून तानुबाई म्हणाली.

"तू गप," दिनकरराव म्हणाले, आणि हरिओमला चहा सांगितला. हे शास्त्र होतं ना!

टब मागच्या पडवीत मांडला आणि तानुबाईच्या गळ्यात बांधला. "मासा मेला तर खोली रिकामी कर," एवढीच ताकीद. हरिओमनं तिला शिकवलं: पाणी बाटलीत घ्यायचं, तपासायच्या औषधाचे थेंब टाकायचे, रंग सोबतच्या कार्डावरच्या चौथ्या घरासारखा निळा आला पाहिजे. कमी पडलं तर किडा जगतो, जास्त झालं तर मासा मरतो. अक्षर न येणारी ही बाई रोज सकाळी उन्हात बाटली धरून निळ्याला निळा जुळवायची. अपेक्षा शाळेला जाताना एकदा बघून सांगायची, "बरूबर हाय, आज्जी." महिनाभरात चारही मासे लखलखीत झाले.

एकतिसाव्या दिवशी दिनकररावांच्या धाकटीला बघायला नांदेडचे पाहुणे यायचे होते. बैठकीत दिवे लावलेली रिकामी टाकी, आत एकटा झिंगा. दिनकररावांचा जीव तिळतिळ तुटला. लोक म्हणतील, पाणीच दाखवतात!

"टाक ते मासे आत," त्यांनी फर्मावलं.

"मालक, खाली भुकेली बसलीय ती. अजून दीड म्हैना हाय. पाया पडते."

ती खरंच पडली. मी पाहिलंय. दिनकररावांनी पाय मागं घेतला तो नव्या धोतराला ओला हात लागू नये म्हणून. मग जाळी घेऊन स्वतःच मासे आत सोडले.

पाहुणे खूश झाले. सोयरीक जमली. मासे आतच राहिले, कारण आता ते शुभशकुनाचे झाले होते. आठव्या दिवशी ठिपके आले, पंधराव्यापर्यंत चारही उलटे तरंगले.

त्या संध्याकाळी दिनकररावांनी तानुबाईला भरल्या बैठकीत बोलावलं. मेलेले मासे ताटलीत ठेवले होते. "हिनं औषध जास्त घातलं. अडाण्याच्या हाती दिलं, माझीच चूक." मग ताटली तिच्या हातात दिली. "घेऊन जा. कालवन कर."

कुणी तरी हसलं. तिनं माझ्याकडं बघितलं. ती पाया पडली तेव्हा मी तिथं होतो हे तिला माहीत होतं. मी सुपारी कातरत होतो. बारीक कातरायची म्हणजे खाली बघावं लागतं.

दसऱ्याच्या आत खोली रिकामी झाली. दिवाळीनंतर मुलाच्या टोळीबरोबर तानुबाई गेली. अपेक्षा ट्रॅक्टरवर बसली ती शाळेच्या निळ्या फ्रॉकमध्येच, दुसरा धड कपडा नव्हता म्हणून.

दिनकररावांनी तर मासे मेल्यापासून दहाव्याच दिवशी सात नवे आणले होते. टाकी रिकामी ठेवली नाही की काही नाही. हरिओमशी भांडण झालं होतं, तो फोन उचलेना. ठिपके येत-जात राहिले, पौषात दुप्पट होऊन आले. तेव्हा त्यांना म्हातारी आठवली. ड्रायव्हर मुंजाजीला त्यांनी गाडी देऊन गंगाखेडकडच्या उसाच्या फडात पाठवलं: खोली परत देतो म्हणावं, लगेच ये.

मुंजाजी संध्याकाळी एकटाच परतला. बैठक भरलेली होती, व्याहीही आले होते.

"काय म्हनाली?" दिनकररावांनी विचारलं.

"मोळ्या बांधायलीती, मालक. म्हनली, पोरीचा दहावीचा फारम भरायचा राहिला. आता खोली घेऊन काय करू?"

"आन् माशांचं?"

मुंजाजी माझ्याकडं बघायला लागला, मग जमिनीकडं.

"बोल की!"

"म्हनली, मालकाला सांग, गोचीड न्हाई ती. मालक पयल्या दिवशीच बरूबर बोलले व्हते. मीठ चिकटलंय. फडक्यानं पुसून घ्या म्हनाव."

दिनकररावांनी खरंच फडकं मागवलं. व्याह्यांच्या देखत बाही वर करून एक पिवळा मासा हातात धरला आणि पुसायला लागले. खवलं निघून आली, ठिपके निघेनात. "निघतंय, निघतंय," ते म्हणत होते. मासा दोनदा तडफडला.

त्या दिवशी चहा फार छान झाला होता. मी दुसरा कप मागून घेतला.