बांधावरची सावर

परकरी पोर होते तेव्हा काटेसावरीची एक ओली फांदी मी आमच्या रानाच्या बांधावर खोचली. मोटेच्या पाटातलं पाणी चोरून तिला पाजलं. ती जगली, अंगभर काटे काढून वाढली. माघात सगळी पानं गाळायची आणि मग उघड्या फांद्यांवर लाल फुलं. केजच्या वाटेवरचं सारं रान तेव्हा करपलेलं असायचं, आणि हिच्यावर साळुंक्या, राघू, खारी यांची नुसती जत्रा! गळलेली फुलं खायला हरणं बांधापर्यंत यायची.

लग्न होऊन निघाले तेव्हा मी तिच्यासाठीही रडले. थोरला भाऊ म्हणाला, "रडू नगं. तिला कुऱ्हाड लागू देणार न्हाई."

आमच्या गावात होळीच्या मधोमध हिरवं झाड उभं करायची रीत. ते आणायचा मान दरवर्षी एका घराचा. पूर्वी डोंगरातून तोडून आणत. पण निजामाच्या सरकारी रानावर शिपाई बसले आणि ते बंद झालं. त्या वर्षी मान आमच्या घराचा होता.

होळीसाठी मला माहेरी न्यायला सासरी भाऊच आला. गाडी त्यानं बांधाच्या वाटेनं घातली नाही. चाकं रुततात म्हणाला. फाल्गुनात कुठला आलाय चिखल! पण सख्ख्या भावावर संशय कसा घ्यायचा?

संध्याकाळी पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन होळीपुढं गेले. मधोमध माझी सावर उभी होती. फुलं अजून ताजी, बेचक्यात घरटं तसंच अडकलेलं. वर साळुंक्या कलकलत घिरट्या घालत होत्या.

"दादा, शब्द दिलतास न्हवं?"

"आगं, रिकाम्या हातानं आलो असतो तर गावात तोंड दाखवता आलं असतं का?"

"पर माझं झाड हाय ते."

त्याला खरंच नवल वाटलं. "तुझं? तू आता त्या घरची. हितं तुझं काय हाय?"

होळीत घातलेलं लाकूड कुणी परत काढत नाही. मानाच्या घरची लेक म्हणून पहिली पूजाही माझ्याच हातून झाली. मी हळदकुंकू वाहिलं आणि त्यानं पेटवलं. गाव त्याची वाहवा करत होतं. मला त्याचं तोंड बघवेना.

निघताना आई म्हणाली, "फुडल्या होळीलाबी ये गं. माहेर हाय तुझं." मी बरं म्हणाले. गेले मात्र कधीच नाही.